वेळेचा रकाना

२४ फेब्रुवारी

टिंगू,

पहिल्या संघाचा कोच झाल्यापासून सगळा क्लब तुला सर म्हणतो. मी म्हणणार नाही, आणि शनिवारनंतर तर मुळीच नाही. शिडी म्हणतात ते लंबू पोरगं सामन्यात कोसळलं म्हणून मी जाब विचारायला धावत आले, तर फुटबॉलच्या मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात, सगळ्या संघासमोर, तू सुरक्षारक्षकाला सांगितलंस, "या बाईंना बाहेर न्या." या बाईंना. तो बिचारा माझ्याच टेबलावर खांद्याचे व्यायाम करून बरा झालेला माणूस. मला दारापर्यंत सोडताना सारखा माफी मागत होता. तू मात्र पाठ फिरवून बदली खेळाडूला सूचना देत होतास.

फोन तू उचलत नाहीस. तुझा मदतनीस म्हणतो, सर मीटिंगमध्ये आहेत. तीन दिवस चालणारी मीटिंग मी आजवर पाहिली नव्हती. अकादमीतल्या माझ्या फिजिओच्या खोलीपासून तुझ्या केबिनपर्यंत दोन सरावाची मैदानं आणि एक पार्किंग, एवढंच अंतर, आणि मला सख्ख्या भावाला पत्र लिहावं लागतंय. किटकाका खेळाडूंचे धुतलेले कपडे घेऊन रोज तिकडे येतात, तेच हे आणून देतील. त्यांनी तुला शेंबडा असल्यापासून पाहिलंय, त्यांना दारात अडवायची तुझ्या मदतनीसाची छाती होणार नाही.

बातमी अशी की शिडीचं ऑपरेशन रविवारी झालं. तू दवाखान्यात फिरकला नाहीस म्हणून सांगते. उजव्या गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर जो उंचवटा असतो, ज्याला मांडीचा स्नायू येऊन बांधलेला असतो, तो मुळासकट उखडला. उडी मारायला त्याने जोर लावला आणि त्याच्याच स्नायूने त्याचंच हाड ओढून काढलं. दोन स्क्रू बसवलेत. आठ-नऊ महिने तरी खेळ बंद.

सर्जन एक्स-रे उजेडासमोर धरून मला म्हणाले, "वय किती म्हणालात?"

"सतरा."

"हाडं पंधराची आहेत. अजून चांगली वाढताहेत. अशा हाडांना इतका भार कोणी दिला?"

तू दिलास. सहा आठवड्यांत अकरा सामने. त्यातले सात पूर्ण नव्वद मिनिटांचे. मधल्या दिवशी उड्यांचा सराव. नऊ वर्षांचा असताना तो पोरगा आईचं बोट धरून माझ्या खोलीत आला होता. आठ वर्षं आम्ही त्याला जपून, तोलून मापून वाढवला, आणि तू सहा आठवड्यांत मोडून ठेवलास. मोडून, आणि वर पत्रकारांना सांगितलंस, "दुर्दैव, खेळात असं होतं."

मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. दवाखान्यात जा आणि त्याच्या आईसमोर उभा राहा. बाकीचं नंतर बोलू.

ताई

२७ फेब्रुवारी

टिंगू,

तुझं उत्तर मिळालं. किटकाकांनी घडी घातलेल्या टॉवेलमधून काढून दिलं, आपण काही चोरटा माल पोचवतोय अशा चेहऱ्याने. एक ओळ. "तक्त्यावर सही तुझी आहे ताई, पूर्ण भार चालेल असं तूच लिहिलंयस."

वा. दवाखान्याचं नाव नाही, पोराची विचारपूस नाही, पण तक्ता बरोबर शोधून काढलास.

तो तक्ता का सुरू झाला हे तरी लक्षात आहे का? तुझ्यामुळे सुरू झाला. बाबा या मैदानाचं गवत राखायचे, आणि त्यांच्या अवजारांच्या खोलीच्या दारावर आपल्या दोघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. तू दर वेळी टाचा उचलायचास आणि बाबा आपल्या बुटाने तुझी पावलं दाबून धरायचे. अठराव्या वर्षी क्लबने तुला काढलं. पाय चांगले आहेत, उंची नाही, असं तेव्हाच्या कोचने बाबा गवत कापायच्या यंत्रावर बसलेले असतानाच त्यांना सांगितलं. त्यांनी यंत्र बंद केलं नाही. पट्टा संपेपर्यंत सरळ चालवत नेलं. आणि त्यानंतर दोन वर्षांत तू घरी बसून नऊ सेंटिमीटर वाढलास. आई म्हणायची, आता वाढून कोणाला दाखवणार आहे.

मी फिजिओ होऊन इथे आले तेव्हा पहिलं काम हेच केलं. वाढीचा तक्ता. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात ते आठ, सरावाच्या आधी, अनवाणी, भिंतीला टेकून. उशिरा वाढणारी पोरं ओळखायची, त्यांना काढून टाकायचं नाही आणि वाढत असताना मोडायचंही नाही. महिन्यात सहा मिलिमीटरच्या वर वाढ दिसली की लाल शेरा. लाल शेऱ्याच्या पोराला आठवड्याला एकच सामना, उड्या बंद. एकोणीस वर्षं या भिंतीशी मी हजारो डोकी टेकवली. किती कोच आले आणि कुरकुर करून गेले, मी कोणालाच जुमानलं नाही.

आणि तू, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो तू मला तक्ता दाखवतोस. पाच जानेवारीला जो आकडा आला तो मी लिहिला. तक्ता त्या दिवसापुरता असतो. पुढच्या महिन्याची उंची कोणी घेतली? कोणीच नाही, कारण पहिल्या संघात गेल्यावर उंची मोजायची पद्धतच नाही. तुमच्याकडे सगळे वाढून झालेले असतात. मी दोन फेब्रुवारीला त्याला पाठव असा निरोप दिला होता. तुझ्या मदतनीसाने सांगितलं, सर म्हणतात, पोरगं आता शाळेत नाही.

तेव्हा सहीबद्दल मला शिकवू नकोस.

ताई

४ मार्च

टिंगू,

काल शिडीच्या घरी गेले होते. तू गेलेला नाहीस हे तिथे कळलं, विचारावंही लागलं नाही.

तीन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, पडद्यांच्या कापडाचे तागे, आणि त्यांच्यातून वाट काढत आत गेलं की खाटेवर तो, पाय उशांवर ठेवून. त्याची आई पडदे शिवते. बोलायला फटकळ आहे. मी बसायच्या आत म्हणाली, "तुम्ही मोजायच्या ना याला? मग मोजत काय होता?"

मी तिला तक्त्याबद्दल सांगायला लागले. वाढ थांबत आली होती, आकडा तसा होता, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग उठली, कपाटातून त्याची काळी पँट आणली आणि उलटी करून माझ्या मांडीवर टाकली. ती त्याच्या पँटला आत चार बोटांची दुमड ठेवते, वाढला की उसवून खाली सोडते. कापडावर जुन्या टाक्यांच्या रेषा तशाच राहतात. "ही डिसेंबरातली," तिने बोट ठेवलं. "आणि ही जानेवारी संपताना. तुमच्या भावाच्या पत्रकार परिषदेला नीट दिसावा म्हणून मी रात्रीतून सोडली. थांबलाय म्हणता ना? माझी दुमड संपली ताई."

तिथेच तिच्या मोजपट्टीने मी दोन रेषांमधलं अंतर मोजलं. मोजायची गरज नव्हती. हातांना काहीतरी करायला हवं होतं.

आता नीट वाच. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं नाही, दुसऱ्यात तर सरळ लपवलं. ऑपरेशन झालं त्या रविवारी दवाखान्यातून निघून मी थेट क्लबात आले आणि फाइल उघडली. पाच जानेवारी, उंची एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन. त्याआधीच्या महिन्यात एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. एक मिलिमीटर वाढ, हिरवा शेरा, पूर्ण भार चालेल, माझी सही. आणि शेवटच्या रकान्यात, वेळेच्या रकान्यात, काहीच नाही. तो रकाना माझ्याच आग्रहाने छापून घेतलेला आहे. एकोणीस वर्षांत मी तो एकदाच कोरा सोडला.

तुला ती संध्याकाळ आठवत असेलच. सकाळी तू त्याला तिकडच्या सरावाला बोलावलं होतंस, म्हणून माझ्याकडे तो आलाच नव्हता. चार वाजता तुझा फोन. "ताई, शनिवारी आमचा आघाडीला खेळणारा माणूस नाही. पोरगं हवंय. कागद आजच लागेल." मी म्हटलं, उद्या सकाळी सातला पाठव. तू म्हणालास, "उंची काय सकाळ-संध्याकाळ बदलते?"

बदलते. नवीन येणाऱ्या प्रत्येक कोचला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. दिवसभर उभं राहून, धावून, उड्या मारून पाठीचे मणके दबतात आणि माणूस संध्याकाळी सेंटिमीटरभर बुटका होतो. डिसेंबरची उंची सकाळची होती. जानेवारीची मी संध्याकाळी साडेपाचला घेतली, दोन सराव करून आलेल्या पोराची. त्याची महिन्याभराची सगळी वाढ त्या दिवसाच्या दमणुकीत लपली. मला हे कळत होतं. भिंतीशी उभी असतानाच कळत होतं.

मग का केलं? तू दमदाटी केलीस असं लिहायला मला फार आवडलं असतं. तू दमदाटी केली नाहीस. कोच झाल्यापासूनच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला लाडाने ताई म्हणालास, आणि म्हणालास, "तुझ्या खोलीतलं पोर वर येतंय, तुलाच नको का?" मला हवं होतं. इतकी वर्षं पोरं मोजली, पट्ट्या बांधल्या, रडू पुसलं, आणि वर कोणी गेलं की फोटोत कोच. माझ्या तक्त्याने वाचवलेला एक तरी पोरगा पहिल्या संघाच्या शर्टात बघायचा होता. म्हणून मी पट्टी खाली आणली, आकडा वाचला, आणि वेळ लिहिली नाही.

माझा राग कमी झाला असं समजू नकोस. आता तो दोघांवर आहे, एवढंच.

ताई

९ मार्च

टिंगू,

आज संचालकांनी मला बोलावलं होतं. शुक्रवारी दहा वाजता यादी ठरणार, कोणत्या पोरांचा करार वाढवायचा आणि कोणाला सोडायचं. त्यांनी एक मसुदा माझ्यापुढे सरकवला. वाढीचा तक्ता नियमाप्रमाणे होता, खेळाडूने दुखणं संघापासून लपवलं, आणि दुखणं लपवणाऱ्या खेळाडूला करार वाढवून द्यायला क्लब बांधील नाही. खाली माझ्या सहीची जागा. तुझी सही आधीच होती.

मी कागद वाचायचा म्हणून घरी घेऊन आले. वाटेत शिडीकडे गेले आणि त्याला सरळ विचारलं, गुडघा दुखतो हे तू लपवलंस का.

त्याने पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं. मग म्हणाला, "सरांना सांगितलं होतं मी. चौथ्या सामन्यानंतर."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला तुझ्या वयात कोणी मैदानात उतरवलंच नाही. उतरवलं असतं तर मोडक्या पायाने खेळलो असतो. पट्टी बांध." आणि मग घाईघाईने म्हणाला, "सरांची चूक नाही ताई. मलाच खेळायचं होतं. आईला सांगू नका."

सतरा वर्षांचं पोर पडल्या पडल्या तुला सांभाळून घेतंय. आणि तू त्याला खोटा ठरवणाऱ्या कागदावर सही करून मोकळा झालास.

तुझा राग मला माहीत आहे. तुला कोणी वेळेवर उतरवलं नाही, हे मी वीस वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकलंय. खरं आहे ते, तुझ्यावर अन्याय झाला. पण त्या अन्यायाचं उट्टं तू काढलंस कोणावर? ज्याने तुला काढलं तो कोच निवृत्त होऊन कधीच गेला. तू उट्टं काढलंस ते तुझ्यासारख्याच उशिरा वाढणाऱ्या पोरावर. बाबांनी निदान तुझी पावलं दाबून धरली होती. तू याला टाचा उचलायला लावल्यास.

सोबत एक कागद आहे. माझा जबाब. पाच जानेवारीची उंची मी संध्याकाळी साडेपाच वाजता, नियम मोडून घेतली, वेळ मुद्दाम लिहिली नाही, आकडा चुकीचा होता, असं सगळं त्यात आहे. खाली माझी सही. पण यातून तक्ता खोटा ठरतो, पोरगा खरा ठरत नाही. संचालक आजही म्हणाले, "तक्ता चुकला असेल हो, पण त्याने सांगायला नको का?" त्याने सांगितलं होतं हे प्रत्यक्ष फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे आणि त्या पोराचं बोलणं कोणी मनावर घेणार नाही.

माझ्या सहीखाली अर्धं पान मोकळं सोडलंय. गुरुवार संध्याकाळपर्यंत कागद परत पाठव.

ताई

१२ मार्च

टिंगू,

संध्याकाळचे सहा वाजले. कागद नाही.

किटकाका म्हणाले, "साहेबांनी वाचलं, खिशात घातलं, आणि मोजे कमी पडताहेत म्हणाले." मग मला म्हणाले, "तुमच्या दोघांच्या टपालापायी माझे गुडघे गेले, आता समोरासमोर भांडा." मी म्हटलं, समोर येतो कुठे.

मोजे कमी पडताहेत. छान.

मी जबाब पुन्हा लिहून काढलाय. उद्या एकटी जाईन. तू तिथे बसलेला असशील आणि संचालक विचारतील, खेळाडूने काही सांगितलं होतं का, आणि तू नाही म्हणशील. मला फक्त एवढंच हवंय की ते तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणावंस. लहानपणी शिट्टी लपवून बाबांना नाही म्हणायचास तेव्हा तुझे कान लाल व्हायचे. बघू, अजून होतात का.

हे पत्र पोचल्यावर उत्तर पाठवू नकोस.

ताई

१६ मार्च

टिंगू,

शुक्रवारी सकाळी माझ्या खोलीच्या दाराखालून सरकवलेला कागद मिळाला. पाय पडता पडता राहिला त्याच्यावर. तोच, माझ्या सहीचा, घड्या पडून मऊ झालेला. खाली तुझं अक्षर. शाळेत होतं तसंच आहे, ओळ सोडून वर चढणारं.

"गुडघा दुखतो हे त्याने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा रडत होता. मी खेळवलं."

मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. मला एकदाच माहीत होतं. त्याने मलासुद्धा एकदाच सांगितलं, तुला सांभाळण्यासाठी. तू गप्प बसला असतास तर हे कोणालाच कधी कळलं नसतं. एकदा एवढंच लिहिलं असतंस तरी माझं काम भागलं असतं.

आत काय झालं ते तू पाहिलंसच. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, मीही कान बघितले नाहीत. शिडीचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढला, उपचार क्लबकडे. पहिल्या संघातल्या एकवीस वर्षांखालच्या प्रत्येकाची उंची दर महिन्याला घेतली जाईल, सकाळी. ती मी घेणार नाही, मला महिन्याची नोटीस आहे. तुला मोसम संपेपर्यंत ठेवलंय, कारण संघ चौथ्या क्रमांकावर आहे. अकराव्यावर असता तर आपण दोघं एकत्रच सामान बांधलं असतं. यावरही मला संताप येतोय, पण त्याच्यात आता जीव नाही.

तू लिहिलंस म्हणून मी सगळं विसरले असा अर्थ काढू नकोस. तो रडत होता. माझ्यासमोर एकोणीस वर्षांत शेकडो पोरं रडली असतील, आणि एकालाही मी उठून पळ असं म्हटलेलं नाही. तू म्हणालास. आणि तू कोणत्या दारामागे रडत होतास अठराव्या वर्षी, ते मला माहीत आहे, मी त्या दाराबाहेर बसले होते. म्हणून मला कळत नाही की तुला ते ऐकू कसं आलं नाही. हे मी तुला मरेपर्यंत विचारत राहीन.

काल त्याच्या आईकडे गेले. जानेवारीत काय केलं ते तिला सांगितलं. तिने यंत्र थांबवलं नाही, शिवण पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे बघितलंही नाही. मग विचारलं, "आणि याने कोणाला सांगितलंच नव्हतं?" तुझा कागद माझ्या पिशवीत होता. मी म्हटलं, सांगितलं होतं, ते तुम्हाला दुसरं कोणीतरी सांगेल.

तेव्हा आता तू जायचं आहेस. मी सोबत येणार नाही. संध्याकाळी जाऊ नकोस, तेव्हा ती कामाने दमलेली असते आणि तूही स्वतःला कमी करून सांगशील. सकाळी सातला जा. दाराशी बूट काढ, कापडाच्या ताग्यांवर पाय देऊ नकोस. ती बस म्हणेपर्यंत उभा राहा.

ती विचारेल, किती वेळा. आकडा खरा सांग.

ताई